जड गोळीसाठी पुंगळी मोठी हवी की लहान?

लांबपल्ला

रायफलीच्या काडतुसातून नेहमीपेक्षा जड गोळी नीट उडवायची असेल तर पुंगळीत, म्हणजे दारू भरलेल्या पितळी नळकांड्यात, काय बदल करावा? पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी एकच येतं: पुंगळी मोठी करा, दारू जास्त भरा. पण गेल्या सव्वाशे वर्षांतली यशस्वी काडतुसं समोर मांडली तर बऱ्याच ठिकाणी उलटं दिसतं. पुंगळी आखूड केलेली असते. मी डेन्व्हरकडे राहतो, इथल्या रेंजवर या विषयावर तावातावाने वाद होतात. मराठीत कोणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा धागा.

आधी मुळाशी जाऊ. नळीचा व्यास ठरलेला, शिशाची घनता ठरलेली. मग गोळी जड करायची म्हणजे लांब करायची, दुसरा मार्गच नाही. आणि गोळी लांब झाली की तीन दुखणी एकदम सुरू होतात. एक, तिला हवेत सरळ ठेवायला जास्त फिरकी लागते. (ही फिरकी नळीतल्या पिळदार खाचा, म्हणजे रायफलिंग, देतात; किती अंतरात एक फेरा होतो तो नळीचा पीळ.) दोन, तिचं नाक पुढे सरकतं आणि काडतूस मॅगझिनमध्ये मावेनासं होतं. तीन, मावावं म्हणून गोळी आत दाबली की तिचं बूड दारूच्या जागेत घुसतं.

आता .२६० रेमिंग्टन आणि ६.५ क्रीडमूर ही दोन काडतुसं शेजारी ठेवा (नावातला आकडा ढोबळ व्यासाचा; टिंबाने सुरू झाला तर इंचांत, नाहीतर मिमीत). दोन्हीत गोळी तीच, ६.७ मिमी व्यासाची. .२६० हे १९९७चं. .३०८ विंचेस्टरची मान (गोळी धरणारा वरचा अरुंद भाग) दाबून बारीक केली की झालं. पुंगळी ५१.७ मिमी, पूर्ण काडतूस ७१.१ मिमी. म्हणजे पुंगळीच्या तोंडाबाहेर नाकासाठी १९.४ मिमी उरतात. १४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) सडपातळ मॅच गोळी, म्हणजे स्पर्धेची गोळी, साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असते. राहिलेले पंधरा-सोळा मिमी पुंगळीत जातात. मान जेमतेम साडेसहा मिमी, त्यामुळे गोळीचं बूड खांद्याच्याही (मान आणि अंग जोडणाऱ्या उताराच्या) खाली उतरतं.

क्रीडमूर २००७चं. हॉर्नाडी या काडतूस कंपनीचे डेव्ह एमरी आणि क्रीडमूर स्पोर्ट्सचे डेनिस डिमिल यांच्या डोक्यातून निघालेलं. त्यांनी .३० टीसी नावाचं, बाजारात फारसं न चाललेलं आखूड काडतूस घेतलं आणि त्याची मान ६.५ला दाबली. पुंगळी ४८.८ मिमी, पूर्ण काडतूस ७१.८. नाकाला २३ मिमी. पुंगळी तीन मिमी कमी केली आणि नाकाला साडेतीन मिमी जागा मिळाली. आत दारूला मिळणारी जागा मात्र .२६०च्या जवळपास तशीच राहिली, कारण पुंगळीचं अंग जास्त सरळ केलं आणि खांदा २० अंशांऐवजी ३० अंशांचा केला.

ही सडपातळ गोळी हवी तरी कशाला? तर वाऱ्यासाठी. .३०८च्या नावाजलेल्या १६८ ग्रेन मॅच गोळीचा जी-७ गुणांक (गोळी हवा किती सहज कापते त्याचा आकडा, मोठा तितका चांगला) साधारण ०.२२ आहे. ६.५ची १४० ग्रेन गोळी वजनाने कमी, पण तिचा गुणांक ०.३२च्या आसपास. आपल्या व्यासाच्या मानाने ती जास्त जड आहे. हजार यार्डांवर फरक डोळ्यांनी दिसतो.

लोकांनी आपापली मतं मांडावीत. .३०० विन मॅगच्या (विंचेस्टर मॅग्नमच्या) मानेवर कोणीतरी बोलेलच.

गावठी प्रश्न

दादा, वाचायला मजा आली पण एक अडाणी शंका. मॅगझिनच लांब करा ना! रायफल बनवणारा तोच, मॅगझिन बनवणारा तोच. पुंगळी कापत बसण्यापेक्षा पेटी एक सेंटिमीटर वाढवली तर काय बिघडतं?

लांबपल्ला

शंका अडाणी अजिबात नाही, काहींनी तेच केलंय. पण मॅगझिन वाढवलं की बोल्टची (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याची) धाव वाढते, बोल्टची धाव वाढली की रिसीव्हर (रायफलीचा मधला सांगाडा) लांब होतो, वजन वाढतं. रायफलींच्या जगात ‘शॉर्ट अॅक्शन’ आणि ‘लाँग अॅक्शन’ अशी दोन ठरलेली घराणी आहेत आणि कोट्यवधी रायफली त्या मापांत बनून बसल्या आहेत. एआरच्या (एआर-१५ घराण्यातल्या रायफलींच्या) बाबतीत तर मॅगझिनची विहीर रिसीव्हरमध्येच कोरलेली असते, तिथे ५७.४ मिमीच्या पुढे एक केसही सरकता येत नाही.

याच ५७.४ मिमीच्या चौकटीत काय काय झालं बघा. ५.५६ची पुंगळी ४४.७ मिमी, नाकाला उरले १२.७. स्पर्धेतले लोक ८० ग्रेनची गोळी वापरतात तेव्हा ती मॅगझिनमध्ये मावतच नाही. एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) ठेवतात. .२२४ व्हॅल्कीरीने पुंगळी ४०.६ मिमी केली, नाकाला १६.८ मिळाले, म्हणून ९० ग्रेनची गोळी मॅगझिनमधून चालते. बिल अलेक्झांडर यांच्या ६.५ ग्रेंडेलची पुंगळी ३८.७ मिमी. २०२०च्या ६ मिमी एआरसीची आणखी कमी, ३७.९ मिमी, म्हणजे नाकाला साडेएकोणीस. उंची कमी होत गेली तशी कंबर वाढली. ग्रेंडेल आणि एआरसी या दोघींची वंशावळ .२२० रशियनमार्गे ७.६२×३९पर्यंत, म्हणजे आपल्या ओळखीच्या एके-४७पर्यंत जाते.

आणि पेटी खरोखर लांब केल्याचंही उदाहरण आहे. .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३चं. पुंगळी ६६.५, पूर्ण काडतूस ८४.८, नाकाला १८.३ मिमी. वर मान फक्त ६.७ मिमी, गोळीच्या व्यासापेक्षाही कमी! १८० ग्रेनच्या शिकारी गोळीला ते पुरत होतं. २२० ग्रेनची लांबलचक गोळी आली आणि तिचं बूड दारूत बुडालं. मग .३०० पीआरसी आलं. पुंगळी ६५.५, म्हणजे जेमतेम एक मिमी कमी, पण पूर्ण काडतूस ९४ मिमी. नाकाला साडेअठ्ठावीस मिमी. इथे सरळ सांगितलं की लांब मॅगझिन घ्या, नसेल तर हे काडतूस तुमच्यासाठी नाही.

शंकासुर

लेख चांगला आहे, पण क्रीडमूरची आरती फार झाली. स्वीडन-नॉर्वेवाल्यांनी ६.५×५५ कधी केलं? १८९४ला. गोळी किती ग्रेनची? १५६. पीळ किती? साधारण आठ इंचांत एक फेरा. पूर्ण काडतूस ८० मिमी, नाकाला २५ मिमी. म्हणजे जड गोळी, जलद पीळ, नाकाला मोकळी जागा, सगळं तेव्हाच झालं होतं. ११३ वर्षांनी हॉर्नाडीने त्याला नवा डबा दिला आणि दुप्पट जाहिरात केली.

खांद्याच्या ३० अंशांबद्दल तर काय बोलावं. ‘या कोनामुळे जळत्या दारूचे झोत मानेच्या आतच एकमेकांना छेदतात, म्हणून नळीचा घसा (चेंबरच्या पुढचा, रायफलिंग सुरू होतं तिथला भाग) जास्त टिकतो’ हे वाक्य प्रत्येक कॅटलॉगमध्ये असतं. त्याचं मोजमाप कोणी दाखवत नाही. घसा टिकतो तो दारू कमी असल्यामुळे. ६.५-२८४ या काडतुसात दारू जास्त, भोक तेवढंच, म्हणून ती नळी लवकर जाते. यात कोनाचा संबंध कुठे आला?

लांबपल्ला

शंकासुर, घशाच्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूला. भोकाच्या क्षेत्रफळाच्या मानाने दारू किती, यावरच नळीचं आयुष्य बरंचसं ठरतं. कोनाचा खात्रीचा फायदा दुसराच आहे: तीव्र खांद्यावर चेंबरमध्ये काडतूस नीट अडतं, आणि पुंगळी पुन्हा भरून वापरणाऱ्यांकडे पितळ पुढे मानेकडे कमी वाहतं, दर वेळी मान कापावी लागत नाही.

स्वीडिशबद्दल मात्र एक अडचण सांगतो. ८० मिमीमुळे ते लाँग अॅक्शनमध्येच बसतं. शिवाय जगभर त्या काळच्या माउझर रायफली पडून आहेत, त्यामुळे अमेरिकेत त्याचा दाब ५१,००० पीएसआयवर (दर चौरस इंचाला पौंड) ठेवला. क्रीडमूरला ६२,०००. म्हातारीला धाप लागू नये म्हणून तरुणालाही हळू चालवायचं, असा प्रकार. तिसरी गोष्ट, जुन्या ६.५×५५चा घसा १५६ ग्रेनच्या गोल नाकाच्या गोळीसाठी लांब ठेवलेला. टोकदार गोळीला रायफलिंगपर्यंत मोठी उडी मारावी लागते. क्रीडमूरमध्ये पुंगळी, घसा, पीळ आणि कारखान्यात भरलेली गोळी या चारही गोष्टी एकाच कागदावर, एकमेकांकडे बघून ठरवल्या. नवीन म्हणायचं तर एवढंच. मला ते पुरेसं वाटतं.

पिळाचं महत्त्व किती, ते .२४४ रेमिंग्टनला विचारा. १९५५ साली .२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन ही दोन ६ मिमी काडतुसं एकाच वेळी बाजारात आली. पुंगळी म्हणून .२४४ काकणभर सरसच. पण विंचेस्टरने दहा इंचांत एक फेरा दिला आणि १०० ग्रेनची गोळी विकली. रेमिंग्टनने बारा इंचांत एक दिला, कारण त्यांना वाटलं लोक हलकी गोळी घेऊन छोट्या प्राण्यांवर मारतील. लोकांना त्याच रायफलीने हरणही मारायचं होतं. .२४४ पडली. १९६३ला तीच पुंगळी ६ मिमी रेमिंग्टन या नावाने, नऊ इंचांच्या पिळासह पुन्हा आणली, पण गाडी सुटून गेली होती.

निवृत्त खडकीकर

नमस्कार मंडळी. माझा बहुतेक जन्म काडतुसांच्या कारखान्यात गेला, तेव्हा दोन शब्द पुंगळीच्या बाजूने.

तुम्ही लोक पुंगळीकडे दारूचा डबा म्हणून बघता. ती डबा तर आहेच, पण तिचं खरं काम दोन क्षणांचं आहे. दाब आला की फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटायचं, म्हणजे गॅस मागे येत नाही. दाब गेला की केसभर आकसून मोकळं व्हायचं, म्हणजे ओढणीला (पुंगळीची कड धरून ओढणाऱ्या आकड्याला) बाहेर काढता येतं. यासाठी ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त असं पितळ लागतं, आणि एकाच पुंगळीत बूड कडक, मान मऊ असावी लागते. पितळी वाटीपासून सुरुवात करून ती ओढत ओढत लांब करायची, प्रत्येक ओढीनंतर तापवून मऊ करायची, शेवटी मानेला वेगळी आच द्यायची. नव्या काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते ना, ती त्या आचेची.

आता तुमचं ‘सरळ अंग, तीव्र खांदा’. बोल्ट रायफलीला उत्तम. एलएमजीला (हलक्या मशीनगनला) विचारून बघा. .३०३ची पुंगळी इतकी निमुळती का होती? ७.६२×३९ची इतकी का आहे, की मॅगझिनच केळ्यासारखं वाकडं करावं लागलं? निमुळती पुंगळी एक मिमी मागे सरकली की चारी बाजूंनी भिंतीपासून सुटते. सरळ अंगाची पुंगळी शेवटपर्यंत घासत येते. त्यात राजस्थानची वाळू घाला, तापलेलं चेंबर घाला, की ओढणी पुंगळीची कड तोडून मोकळी. तीव्र खांदा तर चेंबरच्या तोंडाला अडखळतोही. पी. ओ. अॅक्ली या अमेरिकन बंदूक कारागिराने ४० अंशांचे खांदे करून जुन्या काडतुसांतून जास्त वेग काढला, ते हौशी बंदूकवाल्यांच्या जगात खपलं. फौजेने ते उचललं नाही, त्याला हे कारण आहे.

अवांतर: जुन्या काळी हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. कोठारात ठेवलेली, कोणी हात न लावलेली. मानेपाशी उभी चीर. पुढे कळलं की ती घोड्यांच्या पागांजवळ साठवलेली असत. मूत्रातला अमोनिया, पावसाळी ओल आणि दाबून बसवलेल्या मानेतला शिल्लक ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ फुटतं. १९२१ साली त्याचा नीट शास्त्रीय उलगडा झाला. मान दाबून नवं काडतूस करणाऱ्यांनी आच का द्यायची, ते यातून समजेल.

गावठी प्रश्न

खडकीकर काका, दंडवत. घोड्यांचं मूत आणि काडतूस हा संबंध स्वप्नातही आला नसता.

माजी फौजी

आम्ही फौजेच्या जुन्या एसएलआर रायफलीची ७.६२ पण मारली आणि नंतरच्या इन्सास रायफलीची ५.५६ पण. ७.६२चा धक्का खांद्याला लक्षात राहतो, इन्सासचा नाही. पण आडव्या वाऱ्यात तीनशेच्या पुढे ५.५६ची गोळी कुठे जाते ते देवच जाणे. मला पडलेला प्रश्न असा: लांब, जड गोळी एवढी चांगली तर जगातल्या फौजा हलकी गोळी का धरून बसतात? खर्च एवढंच कारण?

लांबपल्ला

खर्च आहेच. शिवाय शिपायाने किती काडतुसं वाहायची हा प्रश्न आहे. पण फौजा एका जागी बसलेल्या नाहीत, त्या हलक्या आणि जड गोळीमध्ये झोके घेत आल्या आहेत.

अमेरिकनांचं बघा. १९०३चं .३०-०३ काडतूस २२० ग्रेनच्या गोल नाकाच्या गोळीसाठी होतं, वेग सेकंदाला साधारण ७०० मीटर. तेवढ्यात जर्मनांनी १५४ ग्रेनची टोकदार गोळी आणली आणि सगळ्यांचे डोळे विस्फारले. अमेरिकनांनी १५० ग्रेनची टोकदार गोळी घेतली, वेग ८२० मीटरच्या पुढे. या गोळीचं नळीला घासणारं अंग आखूड होतं, तिला लांब मान नको होती. म्हणून पुंगळीची मान १.८ मिमीने कमी केली, आणि ते झालं .३०-०६. आधी बनलेल्या रायफलींच्या नळ्या मागच्या बाजूने कापून चेंबर पुन्हा कोरले.

मग पहिलं महायुद्ध. मशीनगनने दूरवर गोळ्यांचा पाऊस पाडायची पद्धत रूढ झाली आणि लक्षात आलं की कागदावर ४,७०० यार्ड जाणारी ही गोळी प्रत्यक्षात ३,४००च्या आसपास दम तोडते. १९२६ला एम-१ काडतूस आलं, १७० ग्रेनच्या थोडी वर, मागून निमुळती गोळी. ती ५,५०० यार्ड जायची. आता अडचण अशी की सरावाच्या रेंज तेवढ्या लांब नव्हत्या! रेंजच्या हद्दीबाहेर गोळ्या जाण्याची भीती. म्हणून एम-२ आलं, पुन्हा दीडशेच्या घरातली गोळी. दुसऱ्या महायुद्धात तीही भरपूर वापरली.

५.५६ची गोष्ट तशीच. ५५ ग्रेनची गोळी, बारा इंचांत एक पीळ. सुरुवातीला तर चौदा इंचांत एक होता. थंडीत हवा दाट होते, दाट हवेत गोळीला जास्त फिरकी लागते. अतिथंड हवेतल्या चाचण्यांत नेम बिघडला, तेव्हा बारावर आणला. १९८०च्या सुमारास नाटोने ६२ ग्रेनची एसएस-१०९ घेतली आणि अमेरिकनांनी पीळ थेट सात इंचांवर आणला. ६२ ग्रेनला एवढा लागत नाही. तिच्या जोडीची ट्रेसर (जळत जाऊन वाट दाखवणारी) गोळी खूप लांब आहे, तिच्यासाठी तो केला.

व्यवस्थापक

धागा रंगतो आहे, आनंद आहे. एक विनंती: दारूचं प्रमाण, भरण्याची कृती, घरगुती प्रयोग यांबद्दल इथे कोणी विचारू किंवा लिहू नये. भारतात काडतुसं बनवायला शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो. असे दोन प्रतिसाद काढून टाकले आहेत.

शंकासुर

फिरकीचा विषय निघालाच आहे तर ग्रीनहिल साहेबांचं सूत्र इथे असायला हवं. १८७९चं आहे; साहेब वूलिचच्या ब्रिटिश लष्करी शाळेतले गणिताचे प्राध्यापक. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, दीडशेने गुणा, गोळीच्या लांबीने भागा. जे येईल तेवढ्या अंतरात एक फेरा. ६.५ची गोळी घेऊ: व्यास ६.७ मिमी, वर्ग ४५, गुणिले १५० म्हणजे ६,७५०, भागिले लांबी ३४. आले १९८ मिमी, म्हणजे पावणेआठ इंच. क्रीडमूरच्या रायफली आठ इंचांच्या पिळाने विकतात. तोफगोळ्यांच्या जमान्यातलं सूत्र आजही इतकं जवळ येतं.

सूत्रात वजन कुठेच नाही, हे बघून ठेवा. लोक दुकानात ‘किती ग्रेनला कितीचा पीळ’ विचारतात. तांब्याची सबंध गोळी शिशाच्या गोळीएवढ्याच वजनाची असली तरी लांब असते, तिला जास्त पीळ लागतो. वजनावर जाणारा तिथे हमखास फसतो.

निवृत्त खडकीकर

शंकासुर, सूत्र दिलंत ते बरं केलंत. जलद वेगाच्या गोळीला दीडशेऐवजी १८० घेतात, तेवढं लिहायचं राहिलं.

विदर्भ एक्सप्रेस

आमच्या आजोबांची परवान्याची .३१५ रायफल आहे, ईशापूरच्या सरकारी कारखान्याची. पोलिस ठाण्यात निवडणुकीला जमा करायची आणि परत आणायची, एवढाच तिचा प्रवास. या चर्चेत तिची जागा कुठे? तिच्या पुंगळीत काही सुधारणा करून ती क्रीडमूर होणार का?

शंकासुर

नाही होणार. :) तुमची .३१५ म्हणजे जुन्या ऑस्ट्रियन फौजेचं ८×५०आर मॅनलिखर. १८९०च्या सुमाराचं. फौजेत चालणाऱ्या मापांच्या रायफली इंग्रजांनी नागरिकांना बंद ठेवल्या, तेव्हा हे ‘बिनफौजी’ काडतूस हिंदुस्थानात रुजलं आणि जिथे जन्मलं तिथून गेल्यावरही इथे राहिलं. गोळी २४४ ग्रेनची, गोल नाकाची, संथ. जडपणात ती क्रीडमूरच्या गोळीला सहज मागे टाकते, पण नाक गोल असल्याने हवा तिला लगेच धरते. पुंगळीला कड, अंग निमुळतं, दाब कमी. या सगळ्याची गरज शेतावरच्या रानडुकरापुरती होती, तेवढ्यात ती ठीक.

निवृत्त खडकीकर

.३१५ला नावं ठेवू नका. त्या पुंगळीने कधी कोणाला दगा दिल्याचं मी ऐकलं नाही. बुडावर ‘केएफ’ असेल तर ती आमच्याकडची, किर्की (खडकी) फॅक्टरी.

विषय निघाला म्हणून, मोठी पुंगळी घेणं नेहमीच चूक, असा ग्रह होऊ नये. .३३८ लापुआ मॅग्नम बघा. २५० ग्रेनची गोळी हजार मीटरच्या पुढे न्यायची होती. लोकांनी .४१६ रिग्बी ही हत्ती-रेड्यांच्या शिकारीची जाडजूड पुंगळी घेतली आणि मान .३३८ला दाबली. जागा भरपूर मिळाली. पण रिग्बीची पुंगळी आफ्रिकेच्या उन्हाचा विचार करून कमी दाबासाठी बनवलेली. नवा दाब आला तशी बुडापाशी ती टिकेना. शेवटी फिनलंडच्या लापुआने बुडाचं पितळ जाड आणि कडक केलं, बाहेरून आकार जवळपास तोच ठेवून आतून नवी पुंगळी घडवली. १९८९ला ती प्रमाणित झाली. आज आपल्या फौजेच्या स्नायपरांकडेही हे काडतूस आहे. पुंगळीचा नकाशा काढणारे नेहमी बाहेरची मापं दाखवतात. खरी कारागिरी आतल्या जाडीत असते.

लांबपल्ला

काका, हा मुद्दा एका अगदी नव्या काडतुसालाही लागू पडतो. अमेरिकन फौजेने २०२२ला निवडलेलं ६.८×५१. पुंगळीची उंची .३०८एवढीच, मॅगझिन तेच घराणं, पण दाब ८०,००० पीएसआयपर्यंत. पितळाचं बूड हा दाब पेलत नाही, म्हणून बूड पोलादाचं, अंग पितळेचं आणि दोघांना जोडणारी एक चकती. जागा वाढवता येत नाही म्हणून दाब वाढवला. नळीच्या आयुष्याचं काय होतं ते काही वर्षांनी कळेलच. मला व्यक्तिशः हा रस्ता महागडा वाटतो.

माजी फौजी

ऐंशी हजार! एसएलआरच्या गॅस रेग्युलेटरला हे ऐकवू नका कोणी.

कोल्हापुरी नेम

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी पन्नास मीटर प्रोन (पालथं पडून) मारते, .२२ लाँग रायफल. आमच्याकडे राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ला पॅरिसमध्ये याच काडतुसावर ब्राँझ आणलं, तेव्हापासून रेंजवर पोरांची गर्दी आहे. आमच्या गोळीचं वजन ठरलेलं: ४० ग्रेन, पीळ सोळा इंचांत एक. वारा आम्हालाही छळतोच. लांबपल्ला दादा, .२२मध्ये कोणी जड गोळीचा प्रयोग केलाय का? आमची पुंगळी तर एवढीशी, तीत आखूड काय करणार?

लांबपल्ला

केलाय ना, ताई! आणि नेमका याच धाग्यातला उपाय वापरून. मेक्सिकोच्या अगिला कंपनीचं ६० ग्रेनचं .२२ काडतूस आहे. गोळी दीडपट जड, म्हणजे खूपच लांब. लाँग रायफलच्या पुंगळीत बसवली तर काडतूस चेंबरबाहेर डोकावेल. म्हणून त्यांनी .२२ शॉर्टची छोटी पुंगळी घेतली आणि तीत ही लांब गोळी बसवली. पूर्ण काडतुसाची लांबी बरोबर लाँग रायफलएवढी. वेग मात्र आवाजाच्या खाली.

गंमत पुढे आहे. या गोळीला नऊ इंचांच्या आसपासचा पीळ लागतो. तुमच्या सोळाच्या नळीतून मारली तर बऱ्याचदा ती हवेत कोलांट्या खाते.

कोल्हापुरी नेम

म्हणजे कागदाला गोळी आडवी लागणार. परवा शेजारच्या लेनवरच्या एका पाहुण्याच्या टार्गेटवर अशी लांबट भोकं दिसत होती आणि आम्ही सगळे त्याच्या नळीला दोष देत होतो. उद्या त्याच्या डबीवर किती ग्रेन लिहिलंय ते बघते.

शंकासुर

ग्रेन बघू नका हो, लांबी बघा!